ठिगळ भोकापेक्षा मोठं हवं!

मित्रांनो, बागेतल्या घसरगुंडीवरून तुम्ही शंभर वेळा तरी घसरला असाल. पूर्वी ही घसरगुंडी पत्र्याची असायची. मे महिन्यात तिच्यावर बसलं की चटकाच बसायचा! आता बहुतेक ठिकाणी ती लाल-पिवळ्या रंगाची, गुळगुळीत असते. ती कशाची असते? 'प्लास्टिकची,' असं म्हणाल. थोडं बरोबर, पण पूर्ण नाही. तिच्यात काच असते. हो, काच! आणि तरीही तुम्ही तिच्यावरून खुशाल घसरता.

या पदार्थाचं नाव फायबरग्लास. सगळे त्याला नुसतं 'फायबर' म्हणतात. मोटारसायकलवाल्यांची काही हेल्मेटं, गच्चीवरच्या काही टाक्या, गणपतीच्या मोठमोठ्या मूर्ती, तलावातल्या होड्या, कितीतरी वस्तू फायबरच्या असतात. माझ्या धाकट्या भावाचं फिरतं घरही फायबरचंच आहे. त्या घराला भंडारदऱ्यात भोक पडलं आणि ते बुजवताना आम्ही जे शिकलो, ते तुम्हाला सांगायचं आहे.

फिरतं घर म्हणजे जीपच्या मागे जोडायची दोन चाकांची खोली. आत दोन बाक, रात्री त्यांचेच पलंग होतात. एक छोटी शेगडी, पाण्याची टाकी, दोन खिडक्या. परदेशात अशी घरं पुष्कळ दिसतात. आपल्याकडे अजून कमी आहेत, पण २०२१ साली महाराष्ट्र सरकारनेही अशा चाकांवरच्या घरांतून पर्यटन वाढावं म्हणून धोरण आणलं. भावाने मात्र हौस म्हणून हे घर केलं नव्हतं. आमच्या आईचे गुडघे दुखतात. तिला लॉजचे जिने चढवत नाहीत, रात्री दोनदा उठावं लागतं. 'आता माझं फिरणं संपलं,' असं ती म्हणायला लागली होती. भावाने दोन वर्षं पैसे साठवले आणि एक पायरी चढली की आत जाता येईल असं हे घर बनवून घेतलं. आतला उजवा पलंग आजीचा. त्यावर दुसऱ्या कुणी लोळायचं नाही, असा पुतण्याचा आणि पुतणीचा स्वतःचाच नियम!

मे महिन्याच्या शेवटी आम्ही भंडारदऱ्याला गेलो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातलं हे ठिकाण तुम्हाला भूगोलाच्या पुस्तकातून माहीत असेल. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरातून निघते. तिच्यावर इंग्रजांच्या काळात, १९१० साली धरण बांधायला सुरुवात झाली आणि ते १९२६ साली पूर्ण झालं. उंची सुमारे ८२ मीटर, म्हणजे साधारण पंचवीस मजली इमारतीएवढी. त्याच्या मागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. जवळच १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पावसाच्या तोंडावर इथल्या झाडांवर लाखो काजवे चमकतात. मुलांना काजवे बघायचे होते. आईला रतनवाडीच्या अमृतेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं. ते कोरीव दगडी देऊळ तिने लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं.

पहिल्याच रात्री वळवाचा पाऊस आला. विजा, वारा, नुसता धिंगाणा! कडाड् असा आवाज झाला आणि एक जाडजूड फांदी आमच्या घरावर आदळली. नेमकी उजव्या कोपऱ्यावर, आजीच्या पलंगाच्या वर. कुणाला काही लागलं नाही. पण थोड्याच वेळात पाणी टपकायला लागलं. आईने उशाशी पातेलं ठेवलं आणि ती बसून राहिली. सकाळपर्यंत पातेलं भरलं होतं.

उजेडात पाहिलं, तर छताच्या वळणाजवळ तळहाताएवढं भोक. शेजारी कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा.

वहिनी म्हणाली, "परत जाऊ या. पाऊस काही थांबायचा नाही आता."

आई काहीच बोलली नाही. तिने आपली पिशवी भरायला घेतली. ते बघून पुतणीचे डोळे भरून आले.

शेंडी गावात चौकशी केली तेव्हा कळलं, की होड्या दुरुस्त करणारे एक काका तलावाकाठीच असतात. मे अखेरीला तलावाचं पाणी खूप खाली गेलेलं असतं. होड्या काठावर ओढून, उलट्या घालून त्यांची डागडुजी करायची ती हीच वेळ. आम्ही गेलो तेव्हा काका एका पालथ्या होडीच्या पाठीवर पॉलिश पेपर घासत होते.

पुतण्या म्हणाला, "काका, आमची होडी नाही, घर आहे."

काका हसले. "फायबरच हाय ना? मग मला काय, होडी अन् घर सारखंच!"

फायबर म्हणजे नक्की काय?

काकांनी काय केलं ते सांगण्याआधी हा पदार्थ समजून घेऊ या. जत्रेत मिळणारे साखरेचे गुलाबी 'म्हातारीचे केस' खाल्ले आहेत ना? साखर वितळवून तिचे बारीक तंतू काढतात. काचेचंही तसंच करता येतं. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा एक तरुण काचेचे दोन ठोकळे जोडायच्या खटपटीत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसला आणि काचेचे तंतूच तंतू उडाले! त्यातूनच काचतंतू मोठ्या प्रमाणात बनवायची वाट सापडली. हे तंतू आपल्या केसापेक्षाही बारीक असतात. जाड काच वाकवली तर फुटते, पण एवढा बारीक तंतू वाकतो आणि ओढला तरी सहजासहजी तुटत नाही.

पण नुसत्या तंतूंची होडी कशी होणार? त्यांना धरून ठेवायला चिकट राळेसारखा पदार्थ लागतो. त्याला रेझिन म्हणतात. तुमच्या आजोळी कुडाची किंवा मातीची भिंत असेल, तर तिच्याकडे नीट बघा. मातीत गवताचं काड किंवा भुस्सा मिसळलेला दिसेल. नुसती माती वाळून भेगाळते, नुसतं गवत उडून जातं. दोन्ही एकत्र आले की भिंत उभी राहते. फायबरमध्येही हेच! तंतू म्हणजे काड आणि रेझिन म्हणजे माती.

रेझिन पातळ पाकासारखं असतं. त्यात थोडंसं हार्डनर घातलं की ते घट्ट होतं, आणि एकदा घट्ट झालं की पुन्हा कधीही वितळत नाही. अंड्याचं बघा ना. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होतं का? म्हणून तर भंगारवाला प्लास्टिकची फुटकी बादली घेतो, पण फायबरच्या तुकड्याला सहसा हात लावत नाही. तो वितळवून त्याची नवी वस्तू करता येत नाही. तेव्हा फायबरची वस्तू मोडली, तर ती दुरुस्त करणं हाच शहाणपणा.

टिचकी आणि नाणं

काका आमच्या घराजवळ आले. त्यांनी हत्यारं काढली नाहीत. खिशातून नाणं काढलं आणि भोकाच्या भोवताली हलकेच वाजवायला सुरुवात केली. टक्, टक्, टक्... आणि मध्येच थप्!

"ऐकलं?" त्यांनी पुतणीला विचारलं. "टक् वाजतंय तिथं चांगलं. थप् वाजतंय तिथं आतून सुटलंय."

मडकं घेताना आई ते वाजवून बघते, तसंच हे. पुतणीला खडू दिला. जिथे थप् वाजेल तिथे तिने खूण करायची. खुणा जोडल्यावर काय दिसलं माहीत आहे? भोक होतं तळहाताएवढं, पण आतून सुटलेला भाग त्याच्या जवळजवळ दुप्पट होता!

भाऊ म्हणाला, "काका, आज नुसता वरून लेप मारून टाका. रात्री पाऊस येईल."

काकांनी भोकात बोट घालून आतल्या प्लायवूडला लावलं आणि ते बोट भावाच्या हातावर टेकवलं. ओलं होतं.

"वरून बंद केलं तर ही ओल जाणार कुठं? आतच कुजंल. वरून गाडी नवीन दिसंल, अन् दोन वर्षांत कोपरा हातात येईल. एक दिवस कडक ऊन खाऊ द्या तिला."

आता आली पंचाईत! एक दिवस थांबायचं म्हणजे आणखी एक रात्र भोकासकट काढायची. आणि पुन्हा पाऊस आला तर? वहिनी भावाकडे बघत होती, भाऊ आभाळाकडे. शेवटी आईच म्हणाली, "वाळू दे. घाईने लिंपलेली भिंत मी पाहिलीय. मी गावात कुणाच्या ओसरीवर झोपेन."

काकांच्या घरच्यांनी आईला ओसरीवर नाही, घरातच झोपवलं. नागलीची गरम भाकरी खाऊ घातली. आम्ही ताडपत्री बांधली. त्या रात्री चार थेंबच पडले. दुसऱ्या दिवशी खणखणीत ऊन होतं. ताडपत्री काढून, आतलं भिजलेलं कापड आणि थर्माकोल बाहेर ओढून कोपरा दिवसभर उन्हात ठेवला.

बारापट उतार

तिसऱ्या दिवशी खरं काम सुरू झालं. काकांनी आधी सुटलेला सगळा भाग कापून टाकला. पुतण्याला धक्काच बसला. "काका, तुम्ही तर भोक मोठं करताय!"

"सडका दात काढल्याबिगर दुखणं थांबतं का?" काका म्हणाले.

मग त्यांनी कडा घासायला घेतल्या. नुसत्या सरळ नाही, तर बशीच्या आतल्या उतारासारख्या. नियम असा, की भिंत जितकी जाड असेल त्याच्या साधारण बारापट रुंदीचा उतार चारी बाजूंनी घ्यायचा. आमच्या घराची भिंत ३ मिलीमीटर जाड. आता तुम्हीच गुणाकार करा. ३ गुणिले १२ म्हणजे ३६ मिलीमीटर. साडेतीन सेंटिमीटरहून थोडा जास्त उतार. एवढा कशाला? नवं फायबर जुन्या फायबरला कडेने नुसतं टेकलं, तर धक्क्याने निसटेल. उतारावर पसरलं, तर त्याला धरायला भरपूर जागा मिळते.

आई खुर्चीवर बसून बघत होती. ती एकदम म्हणाली, "अरे, ही तर गोधडी! ठिगळ भोकाएवढं कापलं तर टाका फाटक्या कापडातच पडतो. ठिगळ भोकापेक्षा मोठं हवं. कापड धड असेल तिथे टाका घालायचा."

काकांनी हात जोडले. "आजी, मला हे शिकायला दोन होड्या बुडाव्या लागल्या!"

घासताना काकांनी मुलांना लांब उभं केलं होतं. कारण ही धूळ म्हणजे काचेची धूळ. ती अंगाला लागली की खाज सुटते आणि श्वासातून आत जाणं तर वाईटच. काकांच्या तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. धूळ लागलीच तर चोळायचं नाही, थंड पाण्याने धुऊन टाकायचं. आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, बरं का!

दीड मिलीची गोष्ट

भोकाच्या आतल्या बाजूने काकांनी पॉलिथिन लावलेला पुठ्ठा घट्ट टेकवला. मागे आधार असला की ओलं फायबर आत पडत नाही, आणि पॉलिथिनला रेझिन चिकटत नाही, त्यामुळे नंतर पुठ्ठा सुटून येतो. मग कापडाच्या बोळ्याने अ‍ॅसिटोन लावून सगळा भाग पुसला. तेलकट बोटाचा एक ठसा राहिला, तरी तिथे पकड कमी होते.

काचतंतूंच्या पांढऱ्या चटईला मॅट म्हणतात. काकांनी तिचे तीन तुकडे कापले. एक लहान, एक त्याहून मोठा, एक सगळ्यात मोठा. मग डब्यात १०० ग्रॅम रेझिन घेतलं. आणि हार्डनर किती, ओळखा पाहू? वाटीभर? चमचाभर? छे! सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीने मोजून फक्त दीड मिली!

"एवढंसं?" पुतण्या ओरडला. "काका, थोडं जास्त घाला ना, लवकर वाळेल."

त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं. दुपारचे तीन वाजले होते आणि पश्चिमेला आभाळ काळं व्हायला लागलं होतं. पण काकांनी मान हलवली. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं. हार्डनर जास्त झालं की ते फार तापतं, ठिसूळ होतं, तडकतं. डब्यात ढीगभर असेल तर त्यातून धूरही निघतो. हार्डनर कमी पडलं तर ते चिकटच राहतं. म्हणून मापात माप! उन्हाळ्यात थोडं कमी, थंडीत थोडं जास्त.

आणखी एक गोष्ट काकांनी मुलांना बजावून सांगितली. रेझिनमध्ये घालायचं आणखी एक जांभळट औषध असतं, कोबाल्टचं. ते आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचं नाही. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो! कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं आणि हार्डनर अगदी शेवटी. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तेव्हा मित्रांनो, हे काम एकट्याने करून बघायचं नाही. मोठ्या, जाणत्या माणसाबरोबर, उघड्या हवेत आणि विस्तवापासून दूरच.

आता घड्याळाशी शर्यत. रेझिन ढवळल्यावर हातात वीसेक मिनिटं असतात. काकांनी ब्रशने उतारावर रेझिन लावलं, वर लहान तुकडा ठेवला आणि ब्रशच्या टोकाने टपटप टपटप ठोकायला लागले. गंमत म्हणजे पांढरीशुभ्र मॅट रेझिन पिऊन पारदर्शक होत जाते! जिथे पांढरा ठिपका उरेल तिथे हवा अडकली आहे असं समजायचं. पुतणीचं काम ठिपके शोधायचं.

"तिथे एक! काका, त्या कोपऱ्यात अजून एक!"

दुसरा तुकडा. तिसरा तुकडा. आणि टप्! पहिला थेंब जीपच्या टपावर पडला.

ओल्या रेझिनवर पाणी पडलं असतं तर सगळं काम वाया. आम्ही चौघांनी ताडपत्रीची चार टोकं धरली आणि ती घराच्या कोपऱ्यावर, पण न टेकवता, उंच ताणून उभे राहिलो. भाऊ, वहिनी, पुतण्या आणि मी. वारा ताडपत्री उपटायला बघत होता. हात भरून आले. काका मोज्याच्या बोटाने दर दोन मिनिटांनी डब्यातल्या उरलेल्या रेझिनला हात लावून बघत होते.

"पाक हाय अजून... पाक हाय... आता जेली झाली... धरा, सोडू नका..." आणि मग त्यांनी डबा उलटा केला. एक थेंबही पडला नाही. "झालं! सोडा आता!"

पाऊस तासभर पडला. त्या रात्री आई आपल्या पलंगावर झोपली. मध्यरात्री पुन्हा सर आली तेव्हा मला जाग आली. अंधारात आई हात उंच करून कोपरा चाचपून बघत होती. मग हात पुसायला तिने पदर शोधला नाही. पुसण्यासारखं काही नव्हतंच! ती कूस बदलून झोपली.

दिसणारं ठिगळ

चौथ्या दिवशी फक्त साजशृंगार. आधी जाड, मग मध्यम, मग बारीक पॉलिश पेपर. जाळीसारख्या रेघा होत्या त्या काकांनी आधी टोकदार हत्याराने थोड्या उकरल्या, नाहीतर भरलेलं वरच्या वर बसतं. मग त्यात आणि ठिगळावर रंगीत जेलकोट भरला. होडीचा किंवा घसरगुंडीचा चकचकीत रंग असतो ना, तो बहुतेकदा हाच. वाळल्यावर पाणी लावून अगदी बारीक पेपरने घासलं आणि पॉलिश केलं.

जुना रंग उन्हाने पिवळट झालेला आणि नवा पांढरा. ठिगळ स्पष्ट दिसत होतं. पुतणीला ते आवडलं नाही. तिला त्यावर फुलपाखराचं स्टिकर लावायचं होतं.

काकांनी धरणाकडे बोट केलं. "तिलाबी ठिगळ हाय, माहितीय का?"

आणि ते खरंच आहे. १९६९ साली भंडारदऱ्याच्या धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि पाणी झिरपायला लागलं. त्या वेळी धरण बांधून चाळीसवर वर्षं झाली होती. खाली प्रवरेच्या काठी किती गावं, किती शेतं! इंजिनिअर लोकांनी भिंतीला मागून भक्कम आधार देऊन ती बळकट केली. आज त्याच भिंतीमागे पावसाळ्यात सुमारे ११ टीएमसी, म्हणजे अकराशे कोटी घनफूट पाणी उभं राहतं. ते धरण मोडीत काढलं नाही, दुरुस्त केलं. आपण ते बघायला जातो आणि ते छान आहे असं म्हणतो.

स्टिकर काही लागलं नाही. आम्ही तलावाच्या कडेच्या रस्त्याने रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराच्या त्या कोरीव खांबांपाशी आई बराच वेळ बसली होती. काजवेही दिसले. एका झाडावर तर इतके, की पुतण्या मोजायला लागला आणि मग त्याने मोजणं सोडून दिलं.

मित्रांनो, तुमच्या घरात फायबरचं घर किंवा होडी नसेल. पण तडा गेलेली टाकी, हललेली खुर्ची, उसवलेलं दप्तर यांतलं काहीतरी असेलच. ते टाकून द्यायच्या आधी जरा थांबा. आई-बाबांना बरोबर घ्या आणि एक टिचकी मारून बघा. टक् वाजतंय का थप्? कुठपर्यंत चांगलं आहे, कुठपासून बिघडलं आहे? ओल असेल तर वाळू द्या. सुटलेलं काढून टाका. आणि ठिगळ लावाल तेव्हा आमच्या आईचं म्हणणं लक्षात ठेवा. कात्री जरा सढळ हाताने चालवा!